तंबोऱ्याला घेऊन मिरजेला

शनिवार-रविवारची सहल म्हटली की मंडळी थंड हवेच्या ठिकाणी धावतात, आणि गाणे म्हटले की तिकिटाच्या रांगेत उभी राहतात. या दोन्ही सुखांची एकाच फेरीत सोय होऊ शकते, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. त्यासाठी फार काही लागत नाही. एक बऱ्यापैकी मोटार, वाटेत न भांडणारे स्नेही आणि मिरज नावाचे गाव, एवढे असले की झाले!

पुण्याहून मिरज सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. रेल्वेचे जंक्शन म्हणून आणि इस्पितळांचे गाव म्हणून मिरज सर्वांच्या परिचयाची. २०१६ साली तहानलेल्या लातूरला पाण्याची गाडी गेली, तीही इथूनच. पण गाणाऱ्या-बजावणाऱ्यांच्या लेखी मिरज म्हणजे तंबोरा. तिथल्या ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याचा ऊरुस भरला की खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा होते. ऊरुसाची तिथी हिजरी पंचांगाची, त्यामुळे इंग्रजी तारीख दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. आम्ही गेलो तेव्हा तो हिवाळ्याच्या अखेरीस आला होता.

आम्ही म्हणजे दोन जोडपी. आणि पाचवा उतारू म्हणजे वहिनींचा तंबोरा.

वहिनी म्हणजे आमच्या स्नेह्यांची पत्नी. लग्नाआधी आठ वर्षे त्या रीतसर गाणे शिकल्या होत्या. पुढे बँकेतली नोकरी, सासूबाईंचे आजारपण, मुलांच्या परीक्षा! तंबोरा आधी दिवाणखान्यात होता, मग आतल्या खोलीत गेला, शेवटी कपाटामागे. आता त्यांची इमारत पाडून नवी व्हायची होती आणि मधली दोन वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत काढायची होती. तंबोऱ्याचे काय करायचे? ओळखीच्या एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी मागितला होता. किंमतही बरी देत होता. वहिनी "देऊन टाकू" म्हणत होत्या. आमचे स्नेही मात्र म्हणाले, "द्यायचाच तर निदान वाजता करून देऊ. मिरजेला जाऊ, गाणेही ऐकू."

मोटारीत तंबोरा बसवणे हे लग्नाच्या वऱ्हाडात फुगलेल्या व्याह्यांना बसवण्याइतके नाजूक काम आहे. तारा सैल केल्या, गवसणी चढवली. भोपळा आमच्या सौभाग्यवतींच्या मांडीवर आणि दांडी पुढच्या दोन बैठकांच्या मधून, अशी तडजोड झाली. गाडीचा गिअर बदलताना आमचे कोपर खुंटीवर आपटले की मागून दोघी एकदम ओरडायच्या. खंबाटकीच्या घाटात हे इतक्या वेळा झाले, की साताऱ्याला कंदी पेढे पुढ्यात आल्यावरच सलोखा झाला.

कऱ्हाड मागे टाकले. पेठ नाक्याला महामार्ग सोडला. दुतर्फा ऊस, बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग, मग कृष्णा आणि सांगली. भडंगाचे पुडे घेतले आणि दुपारच्या आत मिरजेच्या सतारमेकरांच्या आळीत येऊन उभे राहिलो.

या आळीची हकीकत मोठी गमतीची आहे. इथली शिकलगार मंडळी मुळात हत्यारांना धार लावणारी. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब सतारमेकर या कारागिराने तंतुवाद्ये घडवायला घेतली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला. ज्या हातांनी पाती परजली, त्याच हातांच्या वंशजांनी पुढे सतारी आणि तंबोरे घडवले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. छताला टांगलेले भोपळे, कोपऱ्यात लाकडाचा भुसा, लाखेचा वास. हे भोपळे आपल्या भाजीचे नव्हेत. सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरच्या बाजूला ते मुद्दाम पिकवतात आणि चांगले वाळवून मगच कामाला घेतात. वयस्क कारागिरांनी गवसणी काढली, भोपळ्यावर बोटाने टिचकी मारली, घोडीवरून अंगठा फिरवला.

"भोपळा शाबूत आहे," ते म्हणाले. "तारा नव्या घालू, जवारी काढू. पट्टी कोणती ताई?"

"कुठलीही चालेल," वहिनी म्हणाल्या. "भिंतीला टेकवून ठेवायचा आहे."

"भिंतीला जवारी लागत नाही ताई. पट्टी कळल्याशिवाय तारा कशा घालू? आता घोडीचे काम करून ठेवतो. सकाळी सांगा."

जवारी म्हणजे काय, हे आम्हाला तिथे उमगले. तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती टेकत नाही. घोडीच्या पाठीला अगदी सूक्ष्म उतार असतो. थरथरणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि एका स्वरातून स्वरांचा झुबका उमलतो. वर्षानुवर्षे तारा घासून त्या उतारावर चरे पडतात, मग आवाज बसतो. कारागीर कानशीने घोडी घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधायची. सगळे माप कानात! हल्ली पेटीएवढे विजेचे तंबोरे आणि मोबाइलमधलेही तंबोरे मिळतात. ते सोयीचे आहेत. प्रवासात उपयोगी पडतात. पण ते उघडायला लागते कळ, आणि हा उघडायला लागतो माणूस.

रात्री दर्ग्यात गेलो. बाहेर पाळणे फिरत होते, बांगड्यांची नि खेळण्यांची दुकाने मांडली होती. या ऊरुसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आणि दर्शनाला सगळ्या जातीधर्मांची माणसे लोटतात. आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली गाणे भरत आले आहे. तिकीट नाही, खुर्चीचा नंबर नाही. गाणारेही बिदागीकडे न पाहता खाँसाहेबांच्या चरणी हजेरी लावायला येतात.

खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैराण्याचे, जन्म १८७२ चा. दुखण्याने हैराण झालेले असताना या दर्ग्यात गाऊन ते बरे झाले, अशी इथली श्रद्धा आहे. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, पण घर केले ते मिरजेतच. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. हिराबाई बडोदेकर त्यांची कन्या. १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर एका लहानशा स्टेशनात त्यांनी देह ठेवला. अंतकाळ जवळ आल्यावर फलाटावरच ते गायला बसले, असे सांगतात. त्यांना माती मिळाली ती मिरजेतच.

एक तरुण गायिका मालकंस गात होती. घाई अशी नाहीच. एकेक स्वर पायरीसारखा चाचपून पुढे. तिच्या मागे दोन तंबोरे होते आणि त्यातला एक वाजवायला अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी बसली होती. साथीच्या माणसांकडे आपले लक्ष सहसा जात नाही, आणि तंबोऱ्याकडे तर नाहीच नाही. वहिनी मात्र गायिकेला सोडून त्या मुलीच्या बोटांकडे पाहत होत्या. मधली दोन बोटे त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यावर संथपणे हलत होती. आमचे स्नेही ते पाहत होते, पण बोलले काहीच नाहीत. तीस वर्षांच्या संसारात माणूस एवढे शिकतोच.

सभा संपल्यावर रस्त्यावर चहा घेतला. एरवी अशा वेळी कोणाचे गाणे चढले, कोणाचे पडले यावर वाद रंगतो. त्या रात्री कोणीच तोंड उघडेना. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "पूर्वी माझी काळी चार होती." पुढे काही नाही.

रविवारी सकाळी दुकानात गेलो. कारागिरांनी घोडी जागेवर बसवली होती. तारांची भेंडोळी समोर होती. त्यांनी नुसते वर पाहिले.

"काळी तीन लावा," वहिनी म्हणाल्या. "चार आता जमायची नाही."

तासाभरात तारा चढल्या. पंचम, मग जोडाच्या दोन, शेवटी खर्ज. धागा सरकला आणि ती लांबट खोली एकाएकी भरून गेली. कारागीर म्हणाले, "ऐका, गांधार बोलतोय." चारांपैकी एकही तार गांधाराची नाही! तरी खर्जातून तो आपोआप निघतो; जुळलेल्या तंबोऱ्याची हीच तर पारख. वहिनींनी हात पुढे केला, तंबोरा घेतला आणि बराच वेळ नुसता वाजवला. मग अगदी हलक्या आवाजात षड्ज लावला. तो थोडा हलला. त्यांनी पुन्हा लावला.

हॉटेलवाल्याला काय कळवायचे, हे साताऱ्यापर्यंत कोणी विचारले नाही. साताऱ्याला आमच्या स्नेह्यांनी फोन करून टाकला. भाड्याच्या दोन खोल्यांत कपाट एक कमी न्यायचे ठरले.

वाचकहो, आपल्या मध्यमवर्गीय घरांतून असे तंबोरे, पेट्या, सतारी पुष्कळ आहेत. कोणाच्या आत्याच्या, कोणाच्या आईच्या. त्या विकण्याआधी किंवा शोभेला टांगण्याआधी एकदा मिरजेची फेरी करा. ऊरुसाची तारीख आधी विचारून घ्या. बरोबर सतरंजी आणि शाल असू द्या, कारण चिंचेखालचा गारवा पहाटेकडे वाढतो. गाडीत एक जागा रिकामी ठेवा. आणि पट्टी विचारली तर "कुठलीही" म्हणू नका.