पिकअपचे टायर घेताना : माप पाहावे की वजनाचा आकडा?

कोकणातून आंबा व मासळी घाटावर नेणारे, मालेगाव-भिवंडीचे कापड पोहोचविणारे, फळांचा धंदा करणारे बागवान बांधव, फर्निचरचे कारागीर. आपल्या समाजातील कितीतरी घरांची रोजी आज एका पिकअप गाडीवर चालते. धंदा वाढला की माल वाढतो आणि मग गॅरेजवर एक वाक्य हमखास ऐकू येते, "पाटे वाढवले आहेत, आता मागे मोठे टायर टाका, म्हणजे चार-पाचशे किलो जादा बसेल." या समजुतीत थोडे खरे आणि बरेच चुकीचे आहे. चूक कळते ती बहुधा भर उन्हात, भरल्या गाडीने घाट उतरताना. म्हणून हा विषय आम्ही या वेळी घेतला आहे.

प्रथम टायरवरील अक्षरे वाचावीत. '२१५/७५ आर १५' असे लिहिले असेल तर टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, टायर रेडियल जातीचा आणि डिस्क १५ इंचाची. हे झाले माप. त्यापुढे एक आकडा व एक अक्षर असते. तो आकडा वजनाचा आणि अक्षर वेगाचे. दुकानात आपण माप विचारतो, भाव विचारतो, पण हा वजनाचा आकडा विचारीत नाही. खरी गोम तिथेच आहे.

हा आकडा म्हणजे किलो नव्हे, ती एक खूण आहे. १०० म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १०००, ११० म्हणजे १०६० आणि ११२ म्हणजे ११२० किलो. '११०/१०८' असे दोन आकडे असल्यास पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा मागे जोडचाके असलेल्या गाडीसाठी समजावा.

आता मोठ्या टायरचा भ्रम पाहा. २३५/७५ आर १५ मापाच्या कारजातीच्या टायरवर १०५ लिहिले असेल तर तो ९२५ किलो पेलतो. १९५ आर १५ मापाचा मालवाहू जातीचा टायर दिसायला अरुंद. पण त्यावर १०६ असेल तर तो ९५० किलो पेलतो. म्हणजे ४० मिलिमीटर रुंद टायर घेऊनही ताकद कमीच मिळाली. मालवाहू टायरवर '८ पीआर' अशीही खूण असते. पूर्वी ती सुताच्या थरांची संख्या असे, आता ती मजबुतीची प्रत दाखविते. माप तेच ठेवून वरच्या प्रतीचा टायर मिळत असेल तर बहुतेकांसाठी तोच शहाणपणाचा सौदा.

आपल्याला किती आकडा हवा? हिशेब सोपा आहे. समजा, गाडीच्या मागच्या एक्सलवर १८५० किलोपर्यंत वजन मंजूर आहे आणि मागे दोनच चाके आहेत. मग एका टायरवर ९२५ किलो आले. येथे १०० आकड्याचा टायर अपुरा पडेल, १०५ जेमतेम पुरेल. माल नेहमी अगदी मधोमध बसत नाही, वळणावर एका चाकावर भार जादा येतो. तेव्हा १०८ किंवा ११० घ्यावा.

माप वाढविण्याचे परिणामही समजून घ्यावेत. २१५/७५ आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ टाकल्यास चाकाचा व्यास सुमारे ७०३ वरून ७३३ मिलिमीटर होतो, म्हणजे चार टक्क्यांहून थोडी जास्त वाढ. मीटर ६० दाखविते तेव्हा गाडी ६२-६३ च्या वेगाने धावत असते. आंबा घाटासारख्या चढावर ओढ तेवढी कमी पडते आणि उतारावर ब्रेकला जास्त जोर लागतो. टायर मडगार्डला किंवा पाट्याला घासू शकतो. जुनी डिस्क नव्या रुंदीला चालेलच असे नाही, आणि स्टेपनी वेगळ्या मापाची राहिली तर ऐनवेळी ती असून नसल्यासारखी. म्हणून माप बदलायचेच असेल तर कंपनीने त्याच मॉडेलला मंजूर केलेले मापच घ्यावे. एका एक्सलवर रेडियल व नायलॉन टायर मिसळू नयेत.

मुख्य गोष्ट पुढे आहे. टायर ११२ आकड्याचा घेतला म्हणून गाडीचे पासिंग वाढत नाही. एक्सल, ब्रेक, बेअरिंग, चेसिस जुन्याच ताकदीचे राहतात. आरसी बुकातील भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा. उरेल त्यात ड्रायव्हर व क्लीनरचेही वजन आले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्चही गाडीवाल्याच्याच माथी. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात अडचण येते ती वेगळीच.

टायर घेताना आयएसआय छाप पाहावी. बाजूवरील तारखेचे चार आकडे वाचावेत : ३२२४ म्हणजे २०२४ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. वजनाचा आकडा खरा ठरतो तो पुरेशा हवेवरच. हवा कमी असेल तर टायर तापतो आणि तापलेला टायरच फुटतो. रिमोल्ड केल्याने वजनाचा आकडा वाढत नाही, हेही ध्यानात असावे.

मुक्या जनावरावर त्याच्या ताकदीबाहेर ओझे लादू नये, ही आपल्या दीनची शिकवण. गाडीला जीव नाही, पण ती चालविणाऱ्याला आहे, रस्त्यावरच्या माणसाला आहे आणि मागे भरलेला माल बहुधा दुसऱ्याची अमानत असते. हंगाम सुरू होण्यापूर्वी आपली गाडी नेहमीच्या मालासह एकदा वजनकाट्यावर घालावी. आधी पूर्ण गाडीचे आणि मग फक्त मागच्या चाकांचे वजन घ्यावे. ते दोन आकडे आणि आरसी बुक घेऊन टायरच्या दुकानात जावे. खरेदीत चूक होणार नाही, इन्शाअल्लाह.