विजेच्या गिटारीचा चुकलेला सूर

तंबोऱ्याची जवारी बिघडली म्हणजे घोडीवर तारेखालीं असलेलें सूत केसभर सरकवून पाहावें, हें गाण्याची आवड असलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. विजेच्या गिटारीस मात्र ना भोपळा, ना पोकळ पेटी. तिचा सूर तांब्याच्या वेटोळ्यांतून निघतो, आणि तो चुकूं लागला म्हणजे घरांतील जाणतीं माणसेंहि ‘यंत्र फुकट गेलें’ म्हणून मोकळीं होतात.

सडक अर्जुनीसारख्या गांवीं ही अडचण अधिक जाणवते. मुंबई-कलकत्ता हमरस्त्यावरचें हें तालुक्याचें ठिकाण १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यांत मोडतें. दिवाळी उलटली कीं या झाडीपट्टीच्या मुलखांत नाटकांचा हंगाम लागतो, शंकरपटाच्या निमित्तानें रात्र रात्र प्रयोग रंगतात, आणि पेटी-तबल्याच्या शेजारीं आतां विजेवर चालणारीं वाद्येंहि बसूं लागलीं आहेत. अशा गांवीं चिरंजिवांनीं घरपोंच मागविलेली गिटार बिघडली, तर तिच्या वैद्यासाठीं गोंदिया किंवा नागपूर गांठावें लागतें. निदान तरी घरीं व्हावें, एवढ्याच हेतूनें आम्ही हें लिहीत आहों.

तारांखालीं जी लांबट डबी बसविलेली असते तिला पिकप म्हणतात. तींत लोहचुंबक असून त्याभोंवतीं केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे कांहीं हजार वेढे घातलेले असतात. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली कीं वेटोळ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेलें तत्त्व तें हेंच. त्यावर आधारलेल्या गिटारीचें अमेरिकन पेटंट जॉर्ज बीचम यांस १९३७ सालीं मिळालें. पितळी किंवा नायलॉनची तार लावली तर ही गिटार मुकी कां राहते, हेंहि यावरून उलगडेल.

आतां विचित्र सुराकडे वळूं. पुष्कळदां असें घडतें कीं प्रत्येक पिकप एकटा वाजविला असतां सूर भरदार येतो. दोन एकत्र लावले कीं तो नाकांत बोलल्यासारखा, पातळ आणि क्षीण होतो. यांत तुटलेलें कांहीं नसतें. दोन वेटोळीं एकमेकांविरुद्ध जोडलीं गेलेलीं असतात, इतकेंच. एका पिकपची वीज पुढें ढकलते त्याच क्षणीं दुसऱ्याची मागें ओढते. खर्जाचा भाग दोहोंकडे जवळजवळ सारखा असल्यामुळें तो परस्परांस खाऊन टाकतो, आणि मागें उरते ती किनरी. घरीं सुईचा मीटर असल्यास खात्री सहज होते. मीटर अगदीं लहान विद्युत्प्रवाह मोजण्याच्या खुणेवर ठेवून त्याच्या तारा पिकपच्या दोन टोकांस लावाव्या. मग पोलादी पेचकस चुंबकावर टेकवून झटकन् उचलावा आणि सुई कोणीकडे हलते तें पाहावें. दुसऱ्या पिकपवरहि तसेंच करावें. दिशा उलट दिसली, तर दोहोंपैकीं एकाच पिकपच्या दोन तारांची अदलाबदल करावी. मात्र पिकपचें धातूचें आवरण त्यांपैकीं एका तारेस जोडलेलें असेल, तर तो सांधा आधीं वेगळा करून जमिनीच्या तारेस जोडावा; नाहीं तर सूर सुधारेल, पण आवरणास हात लागतांच गुणगुण उठेल.

पिकप अजिबात बोलत नसेल तर त्याचा विरोध मोजावा. एकेरी वेटोळ्याचा आंकडा साधारणतः ६ ते ८ हजार ओहम् येतो. मीटर अनंत दाखवील तर आंतली तार तुटली आहे असें समजावें, आणि ती घरीं जोडण्याच्या भरीस पडूं नये. आवाज येतो-जातो असें होत असेल, तर बहुधा कथिलाचा एखादा डाग कच्चा राहिलेला असतो.

गुणगुण हा विषय निराळा, आणि वडील मंडळींनीं लक्ष घालण्यासारखा. तारांस हात लावतांच ती कमी होत असेल तर भिण्याचें कारण नाहीं. घोडीखालून गेलेली जमिनीची तार आपलें काम करीत आहे. परंतु याचाच अर्थ असा कीं गिटारीच्या तारा अँप्लिफायरच्या सांगाड्यास जोडलेल्या असतात. अँप्लिफायर बिघडलेला आणि मांडवांतील अर्थिंग खोटें असेल, तर वाजविणाऱ्याचे हात तारांवर व ओंठ मायक्रोफोनवर, अशा स्थितींत काय होईल हें सांगण्याची गरज नाहीं. लेस हार्वी हा स्कॉटिश गिटारवादक ३ मे १९७२ रोजीं स्वान्सी येथें रंगमंचावर, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनास हात लागून असाच गेला. तेव्हां तीन पायांच्या प्लगचा एक पाय मोडून काम भागविण्याची जी चाल खेडोपाडीं दिसते, ती आपल्या मुलांस कदापि करूं देऊं नये; आणि मांडवाच्या जोडणींत ३० मिलिॲंपियरचें गळतीरक्षक बटण आहे कीं नाहीं, हें वायरमनला आधींच विचारावें.

एक गंमत मात्र सांगितल्याविना राहवत नाहीं. ज्या पातळ सुरास आपण दोष म्हणतों, तोच पीटर ग्रीन या इंग्रज वादकाच्या नांवानें जगभर नांवाजला गेला. त्याच्या गिटारींतील एका पिकपचा चुंबक उलटा बसलेला होता, आणि दोन्ही पिकप एकत्र वाजले कीं कण्हल्यासारखा तो स्वर निघे. हल्लीं कारागीर वर ओढतां येणाऱ्या खुंटीमागें स्विच बसवून देतात. खुंटी दाबली कीं सरळ सूर, ओढली कीं उलटा. मुलाचा हट्टच असेल तर नागपूरच्या फेरींत तेवढें करून घ्यावें.