आवळलेल्या पट्ट्याचा व्यायाम

१९६६ साली जपानमधील एका बौद्ध स्मृतिविधीत गुडघे मोडून दीर्घकाळ बसल्याने बधिर झालेल्या पोटऱ्या चोळीत असता, कठोर व्यायामानंतर स्नायू तटतटतात तशीच ही जाणीव आहे, असे योशिआकी सातो या व्यायामवेड्या तरुणाच्या ध्यानी आले आणि ‘कात्सू’ पद्धतीचा पाया पडला. दंडाच्या वा मांडीच्या मुळाशी पट्टा असा आवळावयाचा, की धमनीतून रक्त काही अंशी येत राहावे, परंतु नीलेतून परतणारे बव्हंशी अडावे. मग स्नायू लवकर थकतो, आणि एरवी कमाल भाराच्या ७० टक्क्यांनी जी वाढ साधावयाची, ती २० ते ३० टक्क्यांतही पुष्कळशी साधते. ३० आवर्तने, मग १५-१५ च्या तीन फेऱ्या, मध्ये जेमतेम ३० सेकंद विश्रांती, हा रूढ शिरस्ता. अमेरिकी जलतरणपटू मायकेल अँड्र्यू याने हे पट्टे वापरल्यापासून उमद्या खेळाडूंना त्यांचा मोह पडला आहे. तथापि माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, जड वजन वर्ज्य असताना. (सायकलची ट्यूब बांधून हौस भागविणाऱ्यांस माझा साफ मज्जाव आहे!) दाब प्रत्येकाच्या अवयवागणिक मोजूनच ठरवावा, रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती वा सिकलसेल असल्यास वैद्यांच्या परवानगीविना पट्ट्यास हातही लावू नये.