आईच्या मोबाइलला रिचार्ज कोणता?

आज आपण बोलणार आहोत घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मोबाइलबद्दल. आई गावी, मुलगा सातपूरला नाहीतर अंबडला कंपनीत, मुलगी सासरी. आईच्या हातात फोन हवाच. पण रिचार्ज संपला की दरवेळी तोच प्रश्न: एवढे पैसे खरंच लागतात का? गटांच्या बैठकीत हा प्रश्न आमच्यापुढे सारखा येतो, म्हणून आज तो नीट समजून घेऊ.

आधी आई फोनवर काय करते ते बघा. ती फक्त बोलत असेल, फोनही बटणाचा असेल, तर रोजच्या दीड जीबीचे पैसे वाया जातात. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की, इंटरनेट नसलेला, फक्त बोलणं आणि मेसेज यांचा एक तरी रिचार्ज प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे. अशा रिचार्जची मुदत आता ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. "नेट नसलेला, नुसता बोलायचा रिचार्ज दाखवा" असं स्पष्ट मागा.

आई व्हॉट्सअ‍ॅपवर नातवंडांना बघत असेल तर नेट लागेल. रोज थोडा वेळ व्हिडिओ कॉल करणाऱ्या बाईला दिवसाला एक जीबी सहसा पुरतं. दिवसभर कीर्तनं आणि मालिका बघणारीला मात्र पुरणार नाही. रोजचा कोटा संपला की बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून यायचं. नंतरच्या चांगल्या मोडेमवरही ५६ केबीपीएसच्या पुढे जात नसे. म्हणजे कोटा संपला की आईचा फोन त्या जुन्या काळात जातो, चित्र नुसतं गोल फिरत राहतं. फोन बिघडलेला नसतो, हे तिला सांगून ठेवा. घरात फायबरचं वायफाय असेल, तर आईच्या सिमला नुसता बोलायचा रिचार्जही चालेल.

आता हिशोब. पॅकची किंमत बघू नका, एका दिवसाचा खर्च काढा. किंमत भागिले दिवस, एवढंच. समजा २८ दिवसांचा पॅक २०० रुपयांना आहे. दिवसाला ७ रुपये १४ पैसे पडले. शिवाय वर्षात महिने १२, पण २८ दिवसांचे रिचार्ज १३ होतात. म्हणजे वर्षाला २,६०० रुपये. समजा वर्षभराचा पॅक १,८०० रुपयांना आहे. दिवसाला पाच रुपयांच्या आतच. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, आजचे दर दुकानात विचारा. एकदम १,८०० काढणं जड जातं, हे खरं. पण महिन्याला १५० रुपये वेगळे ठेवले तर वर्षात तेवढे जमतात. बचत आपल्याला नवी नाही. दर महिन्यालाच भरायचं असेल, तर पूर्ण ३० दिवसांचा किंवा दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा रिचार्ज मागा. तोही ठेवणं २०२२ पासून कंपन्यांना बंधनकारक आहे.

स्वस्त पॅक घेतला आणि रेंजच नाही, तर काय उपयोग? सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरात एका पाड्यावर रेंज असते, शेजारच्या पाड्यावर नसते. गटातल्या बायकांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असतातच. ते फोन घेऊन आईच्या ओट्यावर आणि घरात बसा, सकाळी आणि संध्याकाळी कॉल लावून बघा. जिथे ती बसते, तिथे चालेल तीच कंपनी चांगली.

कंपनी बदलली तरी नंबर बदलू नका. इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला दहा आकडी नंबर लिहा आणि १९०० वर मेसेज करा. कोड येतो, तो चार दिवस चालतो. त्यासाठी सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. जुन्या सिममधली शिल्लक नवीन कंपनीत येत नाही, म्हणून मुदत संपत आली की मगच बदला.

नंबर जपायचं कारण मोठं आहे. आधार, बँक, निराधार पेन्शन, गॅस सगळं त्यालाच जोडलेलं असतं. सलग ९० दिवस सिम वापरलं नाही, तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला देऊ शकते. मग आईचा ओटीपी परक्याच्या फोनवर जाईल. म्हणून सिम आईच्याच नावावर घ्या, रिचार्जची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, हे तिला पुन्हा पुन्हा सांगा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या रिचार्जची किंमत, दिवस आणि शेवटची तारीख लिहून आणा. भागाकार आपण सगळ्याजणी मिळून करू.