घाव सांगणारी चकती, गुपित राखणारी चिप

भिलाई स्टील प्लांटमध्ये रेल्वेचा रूळ तयार झाला की त्याच्या पोटात कुठे भेग तर राहिली नाही ना, हे अल्ट्रासॉनिक तपासणीत पाहतात. कानाला ऐकू न येणारा तो ध्वनी पोलादात सोडणारा आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपणारा पदार्थ म्हणजे पिझोइलेक्ट्रिक. वीज दिली की तो थरथरतो, दाबला की वीज देतो. दाबातून वीज निघते हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिलं. त्याच जातीच्या पदार्थाची चकती घरच्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रमच्या कातड्याला टेकवलेली असते.

धुमाल वाजवणाऱ्या पार्ट्यांमुळे ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड, दुर्ग-भिलाईतल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. मला त्याहून नवल वाटतं ते ट्रिगरचं, म्हणजे ड्रमला टेकवलेल्या त्या चकतीचं, कारण त्यात ड्रम खराखुरा असतो. बझरमधली पितळी चकती घ्या. तिच्यावर पांढऱ्या सिरॅमिकचा पातळ थर असतो. दोन तारांना एलईडी जोडून चकतीवर टकटक केलं, तर दिवा क्षणभर चमकतो. ना बॅटरी, ना प्लग! नुसत्या बोटाच्या घावाची ती वीज.

खरी कसोटी पुढे आहे. काठी एकदाच पडते, पण कातडं थरथरतच राहतं. शेजारचा टॉम ड्रम वाजला तरी स्नेअर ड्रम हादरतो. मग चकतीची वीज वाचणाऱ्या पेटीला, म्हणजे मॉड्यूलला, ठरवावं लागतं, की यातला घाव कोणता आणि नुसती थरथर कोणती. म्हणून ठरावीक पातळीखालचं सगळं ते सोडून देतं आणि एक घाव मोजला की पुढचे काही मिलिसेकंद कान बंद ठेवतं. मग घावाच्या जोराला १ ते १२७ मधला आकडा देऊन मिडी या वाद्यं आणि संगणक यांच्यातल्या सांकेतिक भाषेत तीन बाइटचा निरोप धाडतं. १९८३ साली आलेल्या मिडीच्या मूळ वायरवरून हा निरोप साधारण एका मिलिसेकंदात पोचतो. संगणकातलं सॉफ्टवेअर त्या जोराला साजेसा, उत्तम स्टुडिओत आधीच ध्वनिमुद्रित केलेला आवाज वाजवतं. एकाच जोराचेही अनेक नमुने ठेवलेले असतात, नाहीतर जलद बोल यंत्रासारखे एकसुरी वाटतील.

या नमुन्यांमागे मोठी मेहनत असते, म्हणून त्यांना कुलूप. आयलॉकसारखी यूएसबी डोंगल, म्हणजे संगणकात खोचायची चावी, त्यासाठीच असते. अशा कुलपांमागची कल्पना फार सुंदर आहे. सॉफ्टवेअर दर वेळी नवा आकडा विचारतं. डोंगलमधली चिप आपल्या गुप्त किल्लीने गणित करून उत्तर देते, पण किल्ली कधीच बाहेर येत नाही. उत्तर कुणी चोरून ऐकलं तरी उपयोग नाही, कारण पुढचा प्रश्न वेगळा असतो. त्यामुळे कुलूप फोडणारे बहुतेकदा किल्लीच्या नादी न लागता प्रोग्राममधून प्रश्नच काढून टाकतात. कॉपीराइटचा भंग करण्यासाठी असं कुलूप तोडणं भारतात २०१२ च्या दुरुस्तीतल्या कलम ६५अ नुसार गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा.

कुलूप असावं, पण पैसे मोजणाऱ्याला त्याने छळू नये असं मला मनापासून वाटतं. डोंगल हरवली की काम ठप्प होतं. स्टाइनबर्ग कंपनीने २०२२ मध्ये आपल्या क्यूबेस या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरच्या १२व्या आवृत्तीपासून डोंगल सोडली, हे बरंच झालं.

रेकॉर्डिंग करणाऱ्याने आवाजाबरोबर मिडी फाइलही जपावी. तिच्यात फक्त कोणता ड्रम, केव्हा आणि किती जोराने, एवढंच असतं. ती उघडायला कुणाचा परवाना लागत नाही आणि तिच्यावर पुढे कुठलाही ड्रम चढवता येतो.