उचल नव्हे, ठेव

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या आसपासच्या गावांत पहाटे रस्त्यावर पोरांची धाव सुरू होते. मोबाइलवर वेळ लावून सोळाशे मीटर मोजले जातात. पूर्ण गुणांसाठी साडेपाच मिनिटांच्या आत आलं पाहिजे, कारण भरती निघणार आहे. यातल्या कित्येकांचे आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले असतात. बारावी झालेल्या पोराला घरात एकच प्रश्न विचारतात: कॉलेज की भरती? कॉलेजला पैसा लागतो, भरती पैसा देते. मग शिक्षण तिथंच सुटतं. खरं तर फौजेच्या पैशातून पुढचं शिक्षण होऊ शकतं. त्यासाठी हिशेब मात्र आधी मांडावा लागतो.

अग्निवीराचा हिशेब

जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत नोकरी चार वर्षांची आहे. पगार पहिल्या वर्षी महिना 30 हजार, चौथ्या वर्षी 40 हजार. त्यातले 30 टक्के दरमहा सेवानिधीत जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात 21 हजार पडतात. चार वर्षांत जवानाचे 5 लाख 2 हजार जमतात, सरकार तेवढीच भर घालतं आणि व्याजासह साधारण 11 लाख 71 हजार रुपये करमुक्त मिळतात. कायम सेवेत जास्तीत जास्त 25 टक्के जवान घेतले जातात. उरलेल्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. बाविशी-पंचविशीत गावी परतलेल्या तरुणाकडे ही रक्कम असेल आणि पुढं सगळं आयुष्य पडलेलं असेल.

पदवीसाठी तोवर थांबायचंही कारण नाही. इग्नूने अग्निवीरांसाठी तीन वर्षांची खास पदवी आखली आहे. तिचे निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणातूनच मिळतात. दहावीवर गेलेल्याला मुक्त विद्यालयातून बारावीही करता येते.

फौजेचं स्वतःचं कॉलेज

दुसरी वाट अधिकारी होण्याची आहे. खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षांचं शिक्षण, राहणं आणि जेवण सरकारी खर्चाने होतं, वर जेएनयूची पदवी मिळते. लष्कराच्या शाखेसाठी बारावी कोणत्याही विद्याशाखेची चालते आणि 2022 पासून मुलींनाही प्रवेश आहे. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात नीट परीक्षा देऊन डॉक्टर होता येतं, बदल्यात सैन्यात सेवा द्यावी लागते. या वाटेची तयारी मात्र दहावीतच सुरू व्हायला हवी. त्यासाठी राज्य सरकारने 1977 मध्ये सेवापूर्व प्रशिक्षण संस्था काढली. ती छत्रपती संभाजीनगरला आहे, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात. मुलींसाठी नाशिकला आहे. पहाटे धावणाऱ्या किती पोरांना शाळेत असताना कुणी हे सांगितलं होतं?

पैशाला नाव

अमेरिकेने 1944 मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला. त्यातून सुमारे 22 लाख जण कॉलेजात गेले. त्यांची फी आणि शिकतानाचा खर्च सरकारने शिक्षणाच्याच नावाने दिला. आपला सेवानिधी रोख हाती येतो, त्यावर शिक्षणाचं नाव घरानेच लिहायचं असतं. ते लिहिलं नाही तर बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब आणि जुनं कर्ज यांत तो वर्षभरात संपेल. या गरजा खोट्या नाहीत. म्हणून तर वाटणी भरतीच्या फॉर्मआधीच, घरच्यांना बसवून ठरवावी: एवढे घराला, एवढे शिक्षणाला.

ऊसतोडीच्या घराला उचल चांगली माहीत असते. पैसा आधी येतो, मग तो फेडायला हंगामभर कोयता चालवायचा. सेवानिधीत घाम आधी गळतो आणि पैसा मागून येतो. कुणाचंही देणं नसलेली एवढी रक्कम या घरात बहुधा पहिल्यांदाच येईल. पिढ्यान्‌पिढ्या हातात कोयता धरलेल्या घराने तिच्यातून निदान एक पदवी घ्यावी. सैन्यभरतीत आता लेखी परीक्षा आधी होते, ग्राउंड नंतर. म्हणजे धावण्याआधी पुस्तक उघडावंच लागतं. एकदा उघडलेलं ते पुस्तक चार वर्षांनी मिटू नये.