डोळे मिटले की भुई का सरकते?

आमच्या उमरखेडच्या घरी सासूबाई दोनदा पडल्या. दोन्ही वेळा मोरीपाशी, उभ्यानं तोंड धुताना. अंगणात नाही, पायरीवर नाही, पुसदच्या एस.टी.त चढता-उतरताना नाही. पहिल्यांदा आम्ही ओल्या फरशीला दोष दिला. दुसऱ्यांदा खाली रबरी पट्टी अंथरलेली होती. "तोंडावर पाणी मारलं, डोळे मिटले, अन् भुईच सरकली बाई!" असं त्या सांगत होत्या. आम्ही मात्र अशक्तपणा म्हणून दोन महिने टॉनिक पाजलं. निदान त्यांच्या त्या एका वाक्यातच होतं!

आपण अगदी स्वस्थ उभ्या आहोत असं वाटतं ना? तसं नसतं. कुणाला पाय जुळवून भिंतीपुढे उभं करा आणि डोक्याचा टोकाचा भाग खिडकीच्या कडेशी ताडून बघा. डोकं किंचित पुढे-मागे होत राहतं. डोईवर भरला हंडा घेतलेली बाई मान-कंबर सारखी सावरत असते, तसं शरीर स्वतःला सावरत असतं, आपल्या नकळत. हे सावरणं तिघांच्या भरवशावर चालतं: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि तळपाय-घोट्यांकडून मेंदूला जाणारी वर्दी. ही वर्दी पोचेनाशी झाली तर डोळे तिचं काम उचलतात. डोळे मिटले की मग उघडं पडतं. बर्लिनच्या मोरिट्झ रोम्बर्ग या डॉक्टरांनी १८४० च्या दशकात मज्जारज्जूच्या रोग्यांत हे टिपलं. आता हे झुलणं मोजायला पायाखाली ठेवायची पाटही निघाली आहे. भार टाचेकडून चवड्याकडे किती सरकतो ते ती नोंदते. पण डॉक्टरांना नुसत्या नजरेनंही पुष्कळ कळतं.

सासूबाईंना डॉक्टरांनी पाय जुळवून उभं केलं, स्वतः मागे हात पसरून थांबले, आणि डोळे मिटायला सांगितले. त्या लगेच झुकल्या. मग हात पुढे पसरवून पुन्हा डोळे मिटायला लावले, तर बोटं आपोआप वर-खाली होऊ लागली, जणू पेटीच्या पट्ट्यांवर फिरताहेत. आपली बोटं कुठं आहेत हेच मेंदूला कळत नव्हतं. (एकच हात अचानक लुळा पडून खाली येऊ लागला तर ती निराळी गोष्ट. ती अर्धांगाची खूण असू शकते, तेव्हा क्षणही न दवडता इस्पितळ गाठावं.)

रक्त तपासलं तेव्हा ब-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघालं. हे दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. भाजी-भाकरीत ते नाही. आणि आपल्याकडे दूध आधी मुलांना, मग पुरुषांना, उरलं तर चहाला! पण एकट्या बायकांचंच हे दुखणं आहे असंही नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते. २००६ साली ते प्रसिद्ध झालं, आणि त्यांतल्या ६७ टक्क्यांत ब-१२ कमी होतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही ते घटू शकतं. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मनानं घेत राहिल्या तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. म्हणून तळपायांना मुंग्या येणं, पायात चप्पल राहिली की निसटली ते न कळणं, अंधारात पाय अडखळणं, हे सारं 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

वर सांगितलेली परीक्षा घरी करायची झाली तर कोपऱ्यात करा, आणि मागे धट्टंकट्टं माणूस उभं असू द्या. तोल गेला म्हणजे ब-१२ च कमी, असंही धरून चालू नका. मधुमेहानं पायांच्या नसा बिघडल्या तरी असंच होतं.

सासूबाईंना इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या हळूहळू कमी झाल्या, पावलांना भुई पुन्हा कळू लागली. पण उशीर झाला होता, सगळं काही परत आलं नाही. मोरीच्या भिंतीला आम्ही लोखंडी दांडी बसवून घेतली आहे. तोंड धुताना एक हात तिच्यावर, आणि दुसऱ्यानं पाणी.